थरथरणारं हेलिकॉप्टर: जायरो बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिमोटवर उडणारं, ४५० या छोट्या आकाराच्या वर्गातलं, बेल्टवर शेपूट फिरणारं फ्लायबारलेस (हेडवर तोल सांभाळणारी आडवी दांडी नसलेलं, ते काम इलेक्ट्रॉनिक युनिट करतं असं) मॉडेल हेलिकॉप्टर तुम्ही सेकंडहँड घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात ते गवतात आडवं पडलं. पाती, टेल बूम (शेपटाची लांब नळी) आणि मेन शाफ्ट नवीन टाकला. आता ते उडतं, पण हवेत उभं केलं की सगळं अंग थरथरतं, शेपूट डावी-उजवीकडे डोलतं आणि मेन गिअरचे दात दोनदा गेले. मैदानावरचे सगळे म्हणतात, जायरो (शेपूट स्थिर धरणारा सेन्सर) गेलाय, नवीन घ्या.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

तुमच्या यादीत एक नाव मला दिसलं नाही: फेदरिंग शाफ्ट. पाती धरणाऱ्या दोन ब्लेड ग्रिपना आरपार जोडणारी, हेडच्या (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाच्या) आत लपलेली ती ३ मिलिमीटर जाडीची छोटी दांडी. हेलिकॉप्टर आडवं पडून पाती जमिनीला लागली की मेन शाफ्टच्या आधी बहुधा हीच वाकते, कारण पात्यांचा झटका थेट तिच्यावर येतो. बाहेरून दिसत नाही म्हणून बदलायची राहते. तीनही तक्रारी एकाच दुखण्याच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. हेड थरथरतं, त्या थरथरीने मोटर माउंटचे स्क्रू हळूहळू सुटतात, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मेन गिअरपासून लांब सरकतो आणि दात जातात. तीच थरथर जायरोच्या सेन्सरमध्ये शिरते, त्याला वाटतं शेपूट हलतंय, तो नसलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि शेपूट खरंच हलायला लागतं. उद्या नवा जायरो लावलात तर तोही हेच करील.

अंदाज चुकूही शकतो, म्हणून सुटे भाग मागवण्याआधी थरथर कोणाची आहे ते शोधू. या मशीनमध्ये तीन गोष्टी तीन वेगांनी फिरतात. हेडचा वेग मिनिटाला २५०० फेरे धरा. तुमच्या वर्गातल्या नेहमीच्या रचनेत मेन गिअरला १५० दात, पिनियनला १३, म्हणजे गुणोत्तर ११.५४, मोटर मिनिटाला जवळपास २८,८०० फेरे घेते. शेपटाचं गुणोत्तर बहुधा ४.२४ असतं, म्हणजे टेल रोटर १०,६०० फेऱ्यांवर. सेकंदाच्या हिशेबात हेड ४२, शेपूट १७७ आणि मोटर ४८०. तुमच्या मशीनचे दात वेगळे असतील तर मोजून हाच हिशेब करा.

या तीन आकड्यांची थरथर डोळ्याला आणि हाताला वेगवेगळी जाणवते. हेडची थरथर जाडीभरडी असते: स्किडची टोकं दोन-दोन दिसतात, कॅनोपी डुगडुगते, हवेत उभं असलेलं मशीन आजारी माणसासारखं कापतं. शेपटाची थरथर बारीक असते. उभ्या फिनची कड पुसट होते, जणू कोणी रबर फिरवलंय, आणि बूमला गुणगुण येते. मोटरची थरथर बहुतेक वेळा दिसतच नाही, ऐकू येते. चांगल्या प्रकाशात मोबाइलवर २४० फ्रेमचं स्लो-मोशन काढलं तर हेडच्या एका फेऱ्याला पाच-सहा चित्रं मिळतात. हेड मधल्या रेषेभोवती गोल हेलकावे घेतंय का, हे त्यात आरामात दिसतं. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं. व्हिडिओ लांबून झूम करून काढा.

लांबून का, तेही सांगतो. या पात्यांचं टोक २५०० फेऱ्यांना ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातं. एका पात्याचं वजन समजा ३५ ग्रॅम; फिरताना ते ग्रिपला सुमारे ४५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. हे ओढणं फेदरिंग शाफ्टच्या दोन टोकांना लावलेले दोन बारीक बोल्ट पेलत असतात. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका बागेत स्वतःचंच मॉडेल हेलिकॉप्टर उडवताना एका तरुणाचा पातं लागून जीव गेला होता. त्याचं मशीन तुमच्यापेक्षा बरंच मोठं होतं, पण ४५० चं पातंही गळ्याला किंवा डोळ्याला पुरेसं आहे. थरथरणारं मशीन हवेत ठेवून ‘बघू काय होतं ते’ करू नका. टेबलावर सेटिंग करताना मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढा किंवा पिनियन गिअरपासून लांब सरकवून ठेवा. मी हे रोज करतो आणि रोज कंटाळतो, पण करतो.

आता शोधायची पद्धत. मोठी पाती काढा, शेपटाची पातीही काढा. मशीन सपाट जागी ठेवून पाच-सात मीटर मागे जा, हळूहळू नेहमीच्या वेगापर्यंत न्या आणि दहा सेकंदांत बंद करा. पाती नसली की स्वॉशप्लेट (हेडखालची, पात्यांचा कोन बदलणारी चकती) एका बाजूला कलत जाईल. त्याने घाबरू नका, फ्लायबारलेस युनिटला हवेचा प्रतिसाद मिळत नाही म्हणून ते तसं करतं. आता थरथर साफ गेली असेल तर दोष पात्यांत किंवा पात्यांना धरणाऱ्या भागांत. थोडी राहिली असेल तर मेन शाफ्ट, मेन गिअर, शेपटाचा शाफ्ट यांपैकी कोणीतरी. मग मोटर सरकवून पिनियन सोडवा आणि मोटर एकटीच चालवा. तरी गुरगुर असेल तर मोटरचं बेअरिंग किंवा मोटरचा शाफ्ट. नंतर उलट्या क्रमाने एकेक भाग परत जोडत या: आधी फक्त शेपटाची पाती, मग मोठी. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर काय बिघडलं होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

माझी पैज फेदरिंग शाफ्टवर आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. दोन्ही बाजूंच्या बोल्टमध्ये दोन एलन की घालून एक धरा, दुसरी फिरवा. एकीकडचा बोल्ट सुटेल. ग्रिप ओढून काढा, आतले वायसर आणि बेअरिंग कोणत्या क्रमाने आले त्याचा फोटो काढा, मग शाफ्ट दुसऱ्या बाजूने बाहेर घ्या. पुसा. जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलावर सपाट ठेवा आणि तिच्यावर शाफ्ट एका बोटाने लोळवा. डोळा काचेच्या पातळीला आणा, समोर ट्यूबलाइट किंवा खिडकी असू द्या. सरळ शाफ्ट गुपचूप लोळतो. वाकलेला शाफ्ट टक-टक वाजतो आणि त्याच्या पोटाखाली उजेडाची एक बारीक फट उघडते, मिटते, उघडते. ती फट कागदाएवढी असली तरी शाफ्ट बाद. त्याला पक्कडीत धरून सरळ करायला जाऊ नका; सरळ झाल्यासारखा दिसतो, पण धातू थकलेला असतो आणि ४५ किलोंचं ओढणं त्याच्यावरच यायचंय. नवीन शाफ्टबरोबर नवीन बोल्टही टाका.

तो जोडताना थ्रस्ट बेअरिंगपाशी थांबा. यावर मी स्वतः पोळलोय. थ्रस्ट बेअरिंग म्हणजे दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये पिंजऱ्यात बसवलेले छर्रे. दोन्ही चकत्या पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, हेडच्या बाजूला. छोट्या भोकाची बाहेर, बोल्टच्या बाजूला. ओळखायची सोपी युक्ती: फेदरिंग शाफ्टवर दोन्ही चढवून बघा. एक नेमकी बसते, दुसरी सैल लोंबते. सैल ती आत. हे उलटं झालं तर टेबलावर काहीच कळत नाही. ग्रिप बोटाने लोण्यासारखी फिरते. पण हवेत गेल्यावर तिच्यावर ओढ येते, चकती जिथे घासायला नको तिथे घासते, ग्रिप जड होते आणि सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) तिच्याशी कुस्ती खेळत बसतात. पहिल्या वर्षी मी एका रात्री घाईत हेड जोडलं आणि एका बाजूची चकती उलटी गेली. मशीन उडायचं, पण मध्येच हिसका द्यायचं आणि खाली आल्यावर सर्व्हो चटका बसेल इतके तापलेले असायचे. मी दोन सर्व्हो बदलले, रिसीव्हर बदलला, सहा रविवार घालवले. शेवटी वेगळ्याच कामासाठी हेड उघडलं तेव्हा ती चकती दिसली. शाफ्टवर तिने गोल ओरखडा काढून ठेवला होता. तुमचं मशीन सेकंडहँड आहे, म्हणजे आधीच्या मालकाने कशी जोडणी केली ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन्ही बाजू उघडाच. छर्‍यांना ग्रीस लावा, कोरडं थ्रस्ट बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

हेड उघडलंच आहे तर डॅम्पर बघा. फेदरिंग शाफ्ट हेडमध्ये थेट धातूवर बसत नाही, दोन बाजूंच्या रबरी कड्यांतून जातो; तेच डॅम्पर. ती रबरं जुनी झाली की एक तर दगड होतात, नाहीतर चेपून अंडाकृती होतात. ग्रिप धरून वर-खाली दाबा: थोडं दबून लगेच परत यायला हवं. खुटखुट लागत असेल तर रबर गेलं. डॅम्पर फार मऊ असले तर मशीन वेग घेताना जमिनीवरच नाचायला लागतं आणि कमी वेगावर नाक खाली-वर करतं.

पाती नवीन आहेत म्हणून ती संतुलित असतीलच असं नाही. हिशेब करून बघा: पात्याच्या टोकाला अर्धा ग्रॅम जास्त असेल, तर २५०० फेऱ्यांना तो अर्धा ग्रॅम सव्वा किलोच्या जोराने ओढतो, सेकंदाला ४२ वेळा दिशा बदलत. बॅटरीसकट अख्खं हेलिकॉप्टर साधारण तेवढ्याच वजनाचं किंवा त्याहून हलकं. म्हणूनच दुकानातल्या वजनकाट्यावर दोन्ही पाती सारखी भरली, एवढ्याने काम होत नाही. आधी प्रत्येक पातं पट्टीच्या कडेवर तोलून त्याचा समतोल बिंदू शोधा आणि बोल्टच्या भोकापासून तो किती लांब आहे ते मोजा. दोन पात्यांत फरक असेल तर एकाला टोकाकडे किंवा मुळाकडे चिकटपट्टीचा तुकडा लावून बिंदू जुळवा. मगच वजन करा, आणि जे हलकं भरेल त्याच्या समतोल बिंदूवरच पट्टी गुंडाळा, म्हणजे आधी जुळवलेलं हलत नाही. हा क्रम उलटा केलात तर अख्खी संध्याकाळ जाते.

पात्याचा बोल्ट किती आवळायचा हा वादाचा विषय आहे आणि प्रत्येकाचं मत वेगळं. माझं माप असं: मशीन आडवं धरलं तर पाती आपल्या वजनाने खाली पडू नयेत, पण हलका झटका दिला तर सरकावीत. फार आवळली तर फिरताना स्वतःची जागा शोधू शकत नाहीत आणि थरथर येते. फार सैल सोडली तर सुरुवातीच्या हिसक्यात मागे दुमडून बूमवर आदळतात.

ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरणं, हे नेहमी सगळ्यात शेवटी. वाकलेला फेदरिंग शाफ्ट तसाच ठेवून ट्रॅकिंग जुळवायला गेलात तर ते जुळल्यासारखं होतं आणि परत बिघडतं. एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी लावा, डोळ्याच्या उंचीवर लांब उभं करा, वरचं पातं कोणतं ते पाहा, खाली उतरवा आणि त्याची लिंक (त्या पात्याचा कोन ठरवणारी छोटी दांडी) एक पूर्ण फेरा फिरवा. एवढंच.

आता मेन शाफ्ट. तुम्ही नवीन टाकलात, पण तो ज्या बेअरिंगांत बसतो त्यांचं काय? मशीन पडलं की बाजूच्या फ्रेमच्या प्लेटा स्क्रूभोवती केसभर सरकतात आणि बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत. मग सरळ शाफ्टही आत ताणात फिरतो. मेन शाफ्ट काढा, फ्रेमचे सगळे स्क्रू पाव फेरा ढिले करा, फ्रेम काचेवर उभी दाबून धरा आणि शाफ्ट वरून सोडा. तो बेअरिंगांतून आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे. ढकलावा लागत असेल तर फ्रेम तिरकी आहे. शाफ्ट आत ठेवूनच स्क्रू थोडे-थोडे, समोरासमोरचे, आवळत या. हे काम वीस मिनिटांचं आहे आणि सेकंडहँड मशीनवर मी ते न विचारता करतो.

शाफ्ट परत बसवल्यावर हेड धरून वर-खाली ओढा. जराही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. असेल तर मेन शाफ्टवरची कॉलर ढिली करा, शाफ्ट वर ओढून धरा, कॉलर बेअरिंगला टेकवा आणि आवळा. हेडला शाफ्टशी जोडणारा आडवा बोल्ट, ज्याला जगभर गमतीने जीझस बोल्ट म्हणतात (तो तुटला तर देवाचा धावा करणंच उरतं), तोही काढून बघा. त्याच्या मधल्या भागावर घासल्याची चमकती खूण असेल, किंवा भोक अंडाकृती झालं असेल, तर ‘चालतंय अजून’ म्हणू नका.

गिअरचे दात जाण्याचं कारण मी वर सांगितलं, तरी नवीन मेन गिअर बसवताना घ्यायची काळजी सांगतो. पिनियन आणि गिअर यांच्यामध्ये दुकानाच्या बिलाच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे उमटायला हवेत, ती फाटायला नको. ही पद्धत सगळेच सांगतात. त्यात एक गोष्ट राहून जाते: प्लॅस्टिकचा मेन गिअर पूर्ण गोल नसतो. हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, कुठेतरी तो जड जाईल. तिथे मार्करने खूण करा आणि मेश (दोन्ही गिअरच्या दातांमधलं अंतर) त्या जागेवर बसवा. सैल जागेवर बसवलात तर प्रत्येक फेऱ्याला जड जागेवर गिअर पिनियनवर चढतो, ओरडतो आणि तापतो. मोटर माउंटचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये जात असतील तर निळा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा डिंक) लावा. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टवरच्या सपाट भागावरच आला पाहिजे. तो गोल भागावर आवळलेला असला की वेग घेताना चिमणीसारखा ‘चिक’ आवाज येतो, आणि एक दिवस हवेतच सुटतो.

मोटर ओरडतेय पण हेड तिच्याबरोबर उचलत नाही, असं होत असेल तर गिअर नाही, वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला पकडणारं, मेन गिअरमधलं) घसरतंय. त्यात कोणीतरी घट्ट ग्रीस भरलेलं असतं. धुऊन काढा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, बस.

शेपटाकडे येऊ. तुम्ही ‘डोलतं’ एवढंच लिहिलंय, पण कसं डोलतं त्यावर सगळं अवलंबून आहे. भरभर, एकसारखं, माशी पंख फडफडवते तसं हलत असेल तर गेन (जायरो किती जोराने दुरुस्ती करतो ते सेटिंग) जास्त आहे, तो कमी करा. सावकाश, वाट्टेल तसं, दारूच्या अंमलात असल्यासारखं भरकटत असेल तर कुठेतरी अडकतंय किंवा कुठेतरी प्ले आहे. त्यावर गेन कमी-जास्त करणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलणं. सर्व्होकडची लिंक काढा आणि पिच स्लायडर (शेपटाच्या पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलणारा सरकता भाग) बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्ये कुठेही खर लागता कामा नये. नुसतं मशीन तिरकं केलं तर स्लायडर आपला आपण घरंगळावा, हे उत्तम. बूम नवीन टाकताना कंट्रोल रॉडची मार्गदर्शक कडी बहुतेक जण थोडी तिरकी आवळतात, आणि अडकतं ते तिथेच. बॉल लिंक घट्ट असेल तर पक्कडीने हलकेच दाबून मोकळी करा. तिच्यावर अक्षर उठवलेलं असेल तर ती बाजू बाहेर येते, बॉल आतल्या बाजूने दाबायचा. उलटं बसवलं तर लिंक घट्टही होते आणि पुढे निसटतेही.

टेलचा आडवा शाफ्टही पडताना वाकतो. शेपटाची पाती काढून तो हाताने हळूहळू फिरवा आणि हबकडे शेजारी एखादी तार धरून बघा. हब तारेजवळ येत-जात असेल तर बदला. शेपटाच्या ग्रिपमध्ये तुमच्या मॉडेलला थ्रस्ट बेअरिंग असतील तर त्यांचाही वरचाच नियम.

बूम बदलल्यावर बेल्टला नव्वद अंशांचा पीळ द्यावा लागतो, आणि तो चुकीच्या बाजूला दिला की शेपूट उलटं फिरतं.  तपासायचं असं: मोठा रोटर त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा आणि शेपटाच्या पात्यांची जाड कड पुढे जातेय का ते पाहा. बारीक कड पुढे जात असेल तर बेल्ट सोडून पीळ उलटा द्या. मला वाटतं तुमच्याकडे हे झालेलं नसावं, कारण मग शेपूट डोलण्याऐवजी एका बाजूला पळालं असतं. पण बघायला दहा सेकंद लागतात. बेल्टचा ताण असा हवा की एक पदर हलकं दाबल्यावर दुसऱ्या पदराच्या निम्म्या अंतरापर्यंत जावा, टेकू नये. सैल बेल्ट पिच वाढवताना दात सोडतो आणि शेपूट एकदम गरकन फिरतं. फार ताणलेला बेल्ट बेअरिंगं खातो.

एक गोष्ट आपल्याकडच्या हवेची. डिसेंबर ते मार्च घाटमाथ्यावर आणि त्याच्या पलीकडे हवा इतकी कोरडी असते की बेल्ट बूममध्ये घासून चांगलीच स्थिर वीज साठवतो. उतरल्यावर बूमला हात लावला की चटका बसतो. तीच वीज हवेत असताना सर्व्होच्या वायरवर उडाली तर सर्व्हो एकदम दचकतो. तुमचं शेपूट एकसारखं न डोलता अधूनमधून, तेही सकाळी नाही आणि दुपारी मात्र झटका देत असेल, तर हा संशय धरा. बूमच्या पुढच्या टोकावरचा रंग खरवडून तिथून मोटर माउंटपर्यंत एक बारीक वायर जोडा, आणि बेल्टवर थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. पावसाळ्यात हा आजार आपोआप बरा होतो, म्हणून पुष्कळांना तो कधीच ओळखता येत नाही.

थ्रेडलॉकबद्दल दोन वाक्यं, कारण सेकंडहँड मशीनमध्ये त्याचे अत्याचार फार. ते फक्त धातूच्या स्क्रूला धातूच्या आट्यांत. प्लॅस्टिकला लागलं तर प्लॅस्टिक तडकतं. स्क्रू आधी अल्कोहोलने पुसायचा, टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं. भरमसाट लावलं की ते बाजूच्या बेअरिंगमध्ये उतरतं आणि दुसऱ्या दिवशी बेअरिंग दगड. असा घट्ट बसलेला स्क्रू सोडवायचा असेल तर सोल्डरिंग गन त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, मग एलन की लावा. जोर लावून डोकं गोल करू नका.

सुटे भाग घेताना मूळ कंपनीचे की नकली, हा प्रश्न येईलच. कॅनोपी, स्किड, बूम सपोर्ट खुशाल स्वस्तातले घ्या. फेदरिंग शाफ्ट, त्याचे बोल्ट, थ्रस्ट बेअरिंग आणि मेन शाफ्ट मात्र मूळ कंपनीचे. नकली मेन शाफ्ट पाकिटातूनच वाकडे निघालेले मी पाहिलेत, म्हणून मूळ कंपनीचा असला तरी मी काचेवर लोळवल्याशिवाय बसवत नाही. तुम्ही बसवलेला नवीन शाफ्टही एकदा काचेवर बघा.

या रविवारी उडवू नका. शनिवारी पाती काढून वरची चाचणी घ्या आणि हेड उघडून फेदरिंग शाफ्ट काचेवर लोळवा. वाकलेला निघाला तर शाफ्ट, बोल्ट आणि डॅम्पर एकदम मागवा. निघाला नाही तर फ्रेमची रेष बघा, मग शेपटाचा शाफ्ट. सगळं जोडून झालं की गवतावर नाही, सपाट जागेवर तीन मिनिटं कमरेच्या उंचीवर उभं करा, उतरवा, बॅटरी काढा आणि लगेच हात लावून बघा: मोटर, तिन्ही सर्व्हो, मेन गिअरची कड. तीनपैकी एकच सर्व्हो गरम लागला तर कोणता ते मला लिहा, आणि त्याच सर्व्होची लिंक कुठे अडकतेय का ते बघा.